सीतेची वेणी आणि वहिनीचं ब्लेड

वहिनी आज पहाटे गेली, आणि दादा बाल्कनीतल्या कुंडीजवळून हलायला तयार नाही.

कुंडीत सीतेची वेणी आहे. ऑर्किड. मुळं बाहेर लोंबतायत, अर्धी काळी पडलीयत. हॉस्पिटलच्या धावपळीत तिच्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

"हीपण जाणार आता तिच्यामागे," दादा म्हणतो. ऐंशीच्या पुढचा माणूस, कुंडीचा काठ सोडत नाही.

मला मरोळची आमची चाळ आठवली.

एकाहत्तरचं युद्ध. खिडक्यांना काळे कागद. दादा मालवाहू बोटीवर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पत्र नाही, तार नाही.
भोंगा वाजला की वहिनीचा घास हातातच राहायचा.

आईचा सगळा जीव या वेणीत. दादा बोटीवर लागला तेव्हा तिने ती गावाहून आणून पत्र्याच्या डब्यात माती भरून लावलेली.
रोज सकाळी उठून आधी तिला बघायची. "झाड बरां, तर झील बरो." झाड बरं तर मुलगा बरा, हे तिचं गणित.
मग प्रेमाने बांगडे धुतलेलं पाणी घालायची. जास्वंदीला घालायची तसंच.

झाड सडलं. पानं पिवळी पडून गळायला लागली.
आईने सकाळी झाडाकडे बघणंच सोडलं.

एका दुपारी आई देवळात गेली आणि वहिनीने डबा उपडा केला. काय तो कुजका वास.

"वहिनी, वाट लागेल आपली. आई जीव घेईल."

"ही आंब्यावर वाढते गं, हवेत. माती नको असते हिला."

दादाच्या दाढीच्या ब्लेडने ती काळी मुळं कापायला लागली.

आणि आई दारात.

"ह्यां काय केलंस गो? माझ्या झिलाचां झाड तां. मेलां तर?"

मला वाटलं, आता हात उचलते.

वहिनीने ब्लेड खाली ठेवलं नाही.
"मेलं तर माझ्या हातून मेलं म्हणा, आई. ह्यांना काही झालं, असं नाही म्हणायचं. कोणीच नाही."

झाड जगेल याची तिला खात्री नव्हतीच. ते आपसूक मेलं असतं, तर आईने दादाची आशा सोडली असती. आणि वहिनीनेही. त्याचीच तिला धास्ती होती.

आईने हातातली पूजेची परडी दाराशी ठेवली. मग खाली बसली.
"मी धरतंय. तू काप."

दोघींनी मिळून मातीऐवजी कोळसा आणि विटांचे तुकडे घालून वेणी कुंडीत बसवली.

युद्ध संपल्यावर दादा आला. त्या वर्षी वेणी फुललीच नाही. आई त्यावर एक शब्द बोलली नाही.
पुढच्या वर्षी फुलली.

दुपारी आम्ही वहिनीला पोचवून आलो. दादाला आत्ताच आत नेऊन झोपवलंय.
बाल्कनीत पेपर पसरलाय. खालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणलाय. ब्लेड हातात आहे. झाड जगेल याची मलाही खात्री नाही. खोटं कशाला बोलू?

वहिनी, निवांत जा तू.

वेणी मेली, तर माझ्या हातून मेली. तुझ्यामागे गेली असं दादाला म्हणू देणार नाही.