चूक सांगायला घरी आलेले धुमाळ सर

माननीय दत्तात्रेय धुमाळ यांची आणि माझी पहिली भेट वडखळ नाक्यावर, भर वाहतुकीत झाली. मी तेव्हा पेण आगारात वाहक होते. रोह्याला निघालेल्या आमच्या गाडीपुढच्या टँकरमधून पांढरा धूर निघू लागला आणि आग लागली म्हणून प्रवासी दाराकडे धावले. एक गृहस्थ शांतपणे उठले. ही आग नाही, अतिशय थंड केलेला गॅस आहे, आतला दाब वाढला की टँकर असा थोडा गॅस सोडतो, असे त्यांनी समजावले. मात्र कुणी विडी पेटवू नका आणि गाडी मागे घ्या, हेही बजावले. माझ्याच गाडीत मला हुकूम सोडणारे हे कोण, म्हणून मला रागच आला. तरी खाली उतरून मी गाडी मागे घ्यायला लावली.

पुढच्या प्रवासात त्यांनी सगळे सांगितले. हा गॅस इतका गार करतात की त्याचा पाण्यासारखा पातळ द्रव होतो. परदेशातून तो बोटीने येतो, किनाऱ्यावरच्या टर्मिनलमध्ये पुन्हा वायू होतो आणि नळांतून कारखान्यांना जातो. रोह्याच्या एका रसायन कंपनीत यंत्रांची मापके सांभाळण्यात त्यांची सारी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर ते पेणच्या वाचनालयात दर रविवारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्याचा वर्ग घेत. शिक्षक ते कधीच नव्हते, तरी आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो.

मी त्या वर्गाला जाऊ लागले. शेअरचा भाव काय, हा प्रश्न तिथे सर्वात शेवटी विचारायचा असतो. आधी कंपनी माल कुठून आणते आणि कुणाला विकते, ते समजून घ्यायचे. माझे इंग्रजी दहावीपुरते. मी अडखळते आणि कागद लांब धरते, हे सरांच्या लक्षात आले. पुढच्या रविवारी त्यांनी मला एक वही दिली. अहवालातले अवघड शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ त्यांनी ठळक मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते. त्याबद्दल ते चारचौघांत एक शब्द बोलले नाहीत.

आता जे लिहिते आहे ते सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शोभेल का, अशी शंका ग्रंथाच्या समितीतल्या काहींनी घेतली. पण ही हकिगत येणार असेल तरच ग्रंथ काढा, अशी अट खुद्द सरांनीच घातली आहे.

आईच्या वाट्याचे मिठागर विकले गेले. तो पैसा म्हणजे तिच्या म्हातारपणाचा एकमेव आधार होता. त्याच सुमारास सरांनी बोटीने गॅस आणणाऱ्या एका कंपनीचा अभ्यास केला होता. कंपनी चांगली आहे, पण अडीनडीला लागणार नाही एवढीच रक्कम घाला, असे ते म्हणाले. मी सगळी घातली. गॅस दिवसेंदिवस महागतो आहे, तेव्हा गॅसवाल्यांची चंगळच होणार, असा माझा हिशेब होता. सरांना सांगितले नाही आणि आईला थोडेच पैसे घातलेत असे सांगितले.

मग एका रविवारी रोह्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणारे काशिनाथ म्हणाले, "सर, आमच्या कंपनीनं गॅस बंद केलाय. परवडत नाय. परत तेलावर आलोय."

सरांनी अहवाल पुन्हा उघडला. गॅस आणणाऱ्या त्या कंपनीची कमाई टर्मिनलमधून किती गॅस जातो त्यावर होती. गॅस महाग झाला की गिऱ्हाईक पाठ फिरवणार आणि बोटी कमी येणार. "मी गॅसचा भाव पाहिला, गिऱ्हाईक पाहिलं नाही. चूक माझी आहे," ते म्हणाले. शेअर घसरायला लागलाच होता.

त्या आठवड्यात सर एसटीने वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी गेले. आमचे गाव खाडीकाठी, थांब्यापासून आत. सत्तरीचे सर दुपारच्या उन्हात बांधावरून चालत आले, ओटीवर बसले आणि माझा अंदाज चुकला, असे त्यांनी आईला सरळ सांगितले. आईने माझ्याकडे पाहिले.

"सगलं घातलंस काय गो?"

मी मान खाली घातली. आईपेक्षा सरांकडे बघण्याची मला जास्त लाज वाटली. ते म्हणाले, "थोडे घाला असं मी सांगितलं होतं. पण कंपनीबद्दल इतक्या खात्रीनं बोललो, की ते 'थोडे' तुम्हाला ऐकूच आलं नाही. तोही दोष माझाच."

माझ्या खोटेपणाचा निम्मा भार त्यांनी आईसमोर स्वतःवर घेतला. त्या दिवशी मी खूप रडले. पुढे सरांनीच सोबत बसून काय विकायचे, काय ठेवायचे ते ठरवले आणि विकलेल्याचे पैसे आईच्या नावे बँकेत ठेवायला लावले. तोटा झाला तो झालाच. ठेवलेले शेअर काहीसे सावरले आहेत. तेव्हापासून वर्गात कुठल्याही कंपनीच्या विरुद्ध एकाने बोलायचेच, असा नियम आहे. पहिले वर्ष ते काम माझ्याकडे होते. वाहकाला भांडायची सवय असते, हे सरांनी हेरले असावे.

कंपनीचा अहवाल आला की सर दरवर्षी आईकडे येतात. तिला वाचता येत नाही. तिच्या लहानपणी खाडीत मीठ भरायला गलबते येत, म्हणून ती एवढेच विचारते, आपली बोट आली का? कमी आल्या असतील तर कमी, जास्त आल्या असतील तर जास्त, असे सर सांगतात.

यंदा सरांना पंचाहत्तरावे लागले. निघताना गुडघा धरून, माझ्याकडे बोट दाखवत ते आईला म्हणाले, की पुढच्या वर्षी बहुधा तुमची सुमनच तुम्हाला अहवाल वाचून दाखवेल. सरांना उत्तम आरोग्य लाभो, त्यांनी शंभरी गाठावी, असे आम्हा सर्वांना मनापासून वाटते. पण आईने त्यांचा हातच धरला.

"हिचं मी नाय ऐकायची. हिला खोटं बोलता येतं. तुमाला नाय येत, तुमीच यायचं."

सर येतो म्हणाले.