खळ ओली असताना

राज्यघटनेत दुरुस्ती झाली की तिची छापील चिठ्ठी ऑफिसात यायची, आणि आमचे म्हातारे कारकून नाना ती खळ लावून जुन्या मजकुरावर चिकटवायचे. नवं पुस्तक घ्यायचं तर साहेबांच्या जिवावर येई. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा वकील होतो. माणसांचा एखादा हक्क दोन बोटं रुंद कागदाखाली नाहीसा होताना बघायला मला, खरं सांगतो, गंमत वाटायची.

त्या दुपारी मालमत्तेच्या हक्काची पाळी होती. तो मूलभूत हक्कांतून काढून टाकला होता. समोरच्या बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. सरकारनं घेतलेली पेरूची बाग कोर्टातून परत मिळेल, या आशेनं त्या दर सोमवारी यायच्या. तेवढ्यात साहेबांनी आतून नानांना हाक मारली. चिठ्ठीचा कोपरा काही बसेना.

“मावशी, वाळेपर्यंत जरा इथं अंगठा दाबून धरा,” नाना म्हणाले आणि उठले.

घटना फाडायला कुणी दांडगा माणूस येतो, असं उगाच वाटतं आपल्याला. येतात ती नानांसारखी सभ्य माणसं. ती मावशी म्हणतात आणि ज्याचं जाणार त्यालाच हात लावायला सांगतात. बघणाऱ्या माझ्यासारख्यांना त्याची गंमत वाटते.

हौसाबाईंनी अंगठा पदराला पुसून चिठ्ठीवर ठेवला. “काय लिवलंय ह्यात, वकीलसाहेब?”

“कायदा आहे.”

“मग नीट बसू द्या त्याला,” त्या म्हणाल्या आणि दुसराही अंगठा टेकवला.