डाळिंबाच्या सालीचा काढा

जाऊचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. धुळ्याच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या ती पोटच्या मुलीला विचारत होती, "तू कोणाची गं?" डॉक्टर म्हणाले, लिव्हर जातंय. केमोशिवाय घरी आणखी काय दिलंत?

तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, तिच्या पायांवरची चादर सारखी करू लागले.

जाऊला स्तनाचा कॅन्सर. तिची मुलगी जळगावला कॉलेजात संशोधन करते. डाळिंबाच्या सालींचा अर्क काढून कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा, हे तिचं काम. साली गावी, असोद्याला, आमच्याच गच्चीवर वाळायच्या. एकदा ती हरखून सांगत आली, पेशी मेल्या. चांगल्या पेशींचं काय होतं ते अजून बघायचंय, मग उंदीर, माणूस फार लांब, असंही म्हणाली. दिरांनी पहिलं तेवढं ऐकलं.

उरलेल्या साली उकळून, आटवून ते जाऊला पाजू लागले. मी अडवलं, तर माझ्यासमोर पेला तोंडाला लावला. "वहिनी, हागवण लागली की आपण लेकरांनाही साल देतो ना? हे पाहा, मी पेलो. काय झालं मले?"

रोज आधी स्वतः प्यायचे, मग तिला द्यायचे. त्यांना खरंच काही झालं नाही. जाऊ मला म्हणाली, "अक्का, माह्याच पोरीनं शोधलं. मले नाही तर कोणाले?"

दवाखान्यात डॉक्टरांसमोर मी म्हटलं, "भाऊ, बोला. नाही तर मी बोलते."

त्यांनी सांगितलं. पुतणी पांढरीफटक पडली. "आबा, मी ते काचेच्या ताटलीतल्या पेशींवर टाकलं होतं. माणसाला दिलं नव्हतं."

"मग मले काही कसं झालं नाही?"

"तुम्हाला केमो चालू आहे का?"

दीर हमसून रडायला लागले. मी म्हटलं, "रडायचं तर बाहेर जा. तिला आवाज नको."

काढ्यानंच झालं की दोन्ही मिळून, हे डॉक्टरांनाही ठाम सांगता येईना. त्यांनी काढा बंद केला, केमोही थांबवलं. लिव्हर सावरेपर्यंत गाठीला हात लावता येणार नव्हता. गाठ काही थांबणार नव्हती. पुतणी खाटेची दांडी धरून उभी. मी जाऊच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते, ते ओठांवरून गळ्यावर ओघळायचं. मी पुसायचे, पुन्हा घालायचे. मला वाटत होतं, ही आता जाणार.

पिवळेपणा हळूहळू उतरला. एका सकाळी तिनं मुलीला नावानं हाक मारली. पुढे केमो परत सुरू झालं.

जाऊ जिवंत आहे.