मोबाईलमधला म्हातारा

आसेगावचा आमचा चक्कीवाला पिठाने इतका पांढरा असतो की नवख्या माणसाने भूत समजून पळावं. कोणीही दिसलं की आधी विचारतो, "बारीक का जाड?" एकदा भर लग्नात त्याने नवरदेवालाही विचारलं!

दळण पडत असताना मोबाईलवर त्याचा खेळ चालतो. त्या खेळात त्याने एक घर वसवलंय: नवरा, बायको, पाळण्यातलं लेकरू आणि आपल्या वारलेल्या बापाच्या तोंडावळ्याचा एक म्हातारा. हा म्हातारा मरू नये म्हणून त्याने खेळात सगळ्यांचं वय वाढणंच बंद करून टाकलं होतं.

परवा मला म्हणाला, "भाऊ, आता मजा नाही येऊन राह्यली. डिलीटच करतो."

दळणाला आलेल्या काकूंनी मोबाईलमध्ये डोकावलं. "काहून रे, हे लेकरू अजून पाळण्यातच? चालन कधी?"

"वय सुरू केलं का चालन, काकू. पण मंग एक दिवस बा जाईन ना."

"अरे येड्या, तुया बाले नातवाले चालताना पाहू तं दे!"

त्याने चक्की बंद केली. आमदाराची गाडी दारात थांबली तरी हा माणूस चक्की बंद करत नाही! मग त्याने खेळातलं वय सुरू करायचं बटण दाबलं. आम्ही सगळे वाकलो. मी तर गव्हाच्या पोत्यावर चढलो. जरा वेळाने लेकरू पाळण्यातून उतरलं आणि डुगडुगत निघालं. म्हाताऱ्याने हात पसरले.

चक्कीवाला मोबाईललाच म्हणाला, "बा, धर त्याले!"