हरभरा, वाल, सुपारी

आक्का गेल्याचा निरोप पुण्याहून पिंपळे गुरवला आला, तेव्हा मी भाकरी करत होते. तव्यावरची उलटली आणि मग उठले. भ्यायचं ते सगळं आम्ही आधीच भिऊन घेतलं होतं.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दिवाळीत त्यांना तेल लावताना जबड्याखाली माझ्या बोटाला काहीतरी लागलं. दुखत नव्हतं, तेच मला बरं वाटेना. "दाढंचं आसंल," त्या म्हणाल्या. चुना-गुळाचा लेप झाला, शेक झाला. शेजारणीनं गंडमाळेचं, त्या लागट क्षयाच्या गाठींचं, नाव काढलं मात्र, आक्कांनी आपला पेला वेगळा केला आणि लेकीचं तान्हं बाळ मांडीवर घेणं सोडलं. ते रडलं, की हात पदराखाली धरून बसत...

त्याच सुमारास चुलीमागच्या कोनाड्यात एक हरभरा दिसला. उचलायला गेले तर ओरडल्या, "ऱ्हाऊ दे! माजं माप हाय ते." दर अमावास्येला त्या गाठ चाचपत आणि तेवढाच दाणा डब्यांतून शोधून कोनाड्यात ठेवत. हरभऱ्याशेजारी वाल आला.

"दुकान वाढतंय की, आक्का."

"व्हय, नारळ आला की बंद करू."

आम्ही हसलो. मग त्यांनी माझं मनगट धरलं, ते सोडेचनात.

सुपारी आली, तेव्हा मी त्यांना चिंचवडच्या डॉक्टरांकडे नेलं. "कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. आक्कांनी पदराची गाठ सोडली आणि टेबलावर तिन्ही दाणे ओळीनं मांडले. डॉक्टरांना हसू आलं. सुपारीपाशी ते थांबलं.

"ही कधीची?"

"ह्याच आवसंची."

त्यांनी लगेच पुण्याला चिठ्ठी दिली. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला. गंडमाळ नव्हती. गंडमाळेवर आता सुया निघाल्या आहेत. तीच असती तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं. पुण्याचे डॉक्टर बराच वेळ समजावत होते. आक्कांनी एवढंच विचारलं, "मंग बाळाला घिऊ का?"

घ्या, म्हणाले.

शेवटपर्यंत घेतलं.

घरातलं जुनं-पानं काढून टाकायला मी मागेपुढे पाहत नाही. त्यांची गोधडी धुऊन देऊन टाकली, पेला घासून मांडणीवर लावला. कोनाड्यात परत ठेवलेल्या त्यांच्या दाण्यांपाशी मात्र झाडणी थांबते. काल हरभरा चिमटीत धरला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा जबडा चाचपला. सावकाश, दोन्ही बाजूंनी... तेवढं काही लागलं नाही. हरभरा होता तिथंच ठेवला.