रागीट चाची छाप मसाला

आमच्या आतोबांना जगात एकच चेहरा काढता येत असे. आमच्या आत्याचा, आणि तोही रागावलेला. झाशीला रेल्वेत ते पेंटर होते. साहेबांनी लक्ष्मी काढायला सांगितली, की कमळात भिवया चढवून आत्या बसे. 'रूळ ओलांडू नका' या फलकावर त्यांनी पहारेकरी काढला, तर मिशांआडून आत्याच बघत होती. लोक मुकाट्याने पुलावरून जाऊ लागले. साहेबांनी आतोबांची पाठ थोपटली.

जाहिरातीबद्दल त्यांचं एकच शास्त्र होतं. "चष्मा काढून बघ. तरी दिसलं, तर विकेल." बड्या बाजारात नवी पाटी लागली की हे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे राहून चष्मा काढत.

"चाचाजी, मरना है क्या?" ई-रिक्षावाला ओरडे.

"रुको भैया, पीला रंग देख रहे हैं," आतोबा शांतपणे म्हणत.

मी नोकरी सोडून झाशीजवळ बिजौलीत गोड्या मसाल्याचा कारखाना टाकला, तेव्हा त्यांना विचारायचं मला सुचलं नाही. शहाणा ना मी! दिल्लीच्या डिझायनरकडून पाकीट करून घेतलं. त्यावर किल्ला होता, मोर होता, सूर्यास्त होता, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'मसाला' होता. सहा महिन्यांत कारखान्याला कुलूप लावायची वेळ आली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी आतोबांना एका दुकानात नेलं. त्यांनी चष्मा काढून फळीवर आमचं पाकीट शोधलं. सापडलं नाही. मग मी शोधलं. माझा चष्मा डोळ्यांवर होता, तरी मलाही सापडलं नाही.

"मोर उडव, किल्ला पाड," ते म्हणाले. "फळीवर सगळेच ओरडतायत. आपण गप्प बसून डोळे वटारायचे."

आठवड्यात नवं पाकीट तयार झालं. हळदीसारखा पिवळा रंग, ठळक 'मसाला', आणि मधोमध आत्या.

दिवाळीच्या आत दुकानदारांचे फोन येऊ लागले. "भैयाजी, वो गुस्से वाली चाची और भेजिए." गोडा मसाला कशाशी खातात हे त्यांच्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, पण इतकी कडक बाई भेसळ करणार नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. कारखाना वाचला.

आत्याला मात्र आम्ही काही सांगितलंच नव्हतं. दतिया गेटपाशी एका बाईने तिला अडवलं, "अरे, आप तो मसाले वाली चाची हैं! इत्ती गुस्सा काए रहतीं?" त्यानंतर आत्या चार दिवस आतोबांशी बोलली नाही. आतोबा खूश! "समोर आयती बसली होती. डावी भिवई सुधारून घेतली," ते मला म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात आतोबा गेले. मला अजून करमत नाही. त्यातच बाजारात हसऱ्या बाईचा एक नवा मसाला आला आणि मी घाबरलो. डिझायनरकडून आत्याचं हसरं चित्र करवून घेतलं आणि तिच्यासमोर ठेवलं. वाटलं, म्हातारी सुखावेल.

तिने ते बराच वेळ पाहिलं.

"हे छापू नकोस रे," ती म्हणाली. "मी हसले की ह्यांचा ब्रश थांबायचा. नुसते बघत बसायचे. काम वेळेत व्हावं म्हणून जन्मभर डोळे वटारून बसले मी."

मग ते चित्र तिने उचललं आणि आतोबांच्या फोटोसमोर उभं करून ठेवलं.

"आता बसा बघत," ती म्हणाली.