बिशपच्या कचेरीतला जिना

दारावर टांगलेली लिंबं काढून सरबत करणारी बाई आहे मी. अमानवीय वगैरे गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगते, आजही ठेवायची इच्छा नाही. पण हे पोटात ठेवून आता जड झालंय.

नवरा एअर फोर्समध्ये, म्हणून चंदीगड. राहायला सेक्टर ४७. मी आर्किटेक्ट. मोहालीतल्या एका फर्ममध्ये परदेशातल्या जुन्या इमारतींची कॉम्प्युटरवर मॉडेल्स करते. तिकडची माणसं लेझरने इमारत स्कॅन करून पाठवतात... स्क्रीनवर नुसते ठिपकेच ठिपके. त्यावरून आम्ही भिंती, कमानी, छप्पर उभं करायचं.

मागच्या थंडीत माझ्याकडे इंग्लंडमधली एक इमारत आली. चर्च नव्हे, चर्चची कचेरी — बिशपचा कारभार चालतो ती. खालचा मजला दगडी, टोकदार कमानींचा. वरचा नंतर कधीतरी विटांत चढवलेला. दोघांची उंची जुळेना, म्हणून मधल्या बोळात उगाचच दोन पायऱ्या. आणि तो जिना! दगडी, वळत जाणारा, वळणावर खिडकी आणि खिडकीत बसायला कट्टा. पिढ्यान्‌पिढ्या पाद्री आणि कारकून चढून-उतरून प्रत्येक पायरी वेगळी झिजलेली. मी मॉडेलमध्ये प्रत्येक पायरी तशीच वेगळी केली. क्लायंटने मागितलंही नव्हतं.

माझी ज्युनियर श्वेता, नागपूरची, हसायची. “ताई, सपाट दे ना यार, कोण बघून राहिलं?”

मग तिथं जाऊन मॉडेल पडताळायची वेळ आली. आमच्या बॉसने, गिल सरांनी, पाठवलं कुणाला? श्वेताला! मला म्हणाले, “मॅडम जी, आपका बेटा छोटा है, मैनेज नहीं होगा.” माझा बेटा सातवीत आहे हो... माझ्या कानाला लागतो उंचीला!

तिने एअरपोर्टवरून फोटो टाकला. मी लाइक केला आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडले. ज्या जिन्याची पायरी न्‌ पायरी मला तोंडपाठ, तिथं ही सँडल वाजवत जाणार... जळत होते मी, सरळ सांगते.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार. चेहरा उतरलेला.

“ताई, तू इथं येऊन गेली काय?”

“वेडी आहेस का?”

“मग ही मार्गारेट पहिल्या दिवसापासून तुला का विचारून राहिली? ती दुसरी बाई नाही आली का म्हणते. वर्णन तर सगळं तुझंच!”

मार्गारेट म्हणजे तिथली केअरटेकर. तिने फोन हातात घेतला, मला पाहिलं आणि हसलीच. “ह्याच त्या!”

तिचं म्हणणं असं — सबंध थंडीभर दुपारच्या मी तिथं यायचे. दाराशी चपला काढून ठेवायचे. “मी सांगितलं तुम्हाला, हे चर्च नाही, ऑफिस आहे, फरशी गार आहे... तुम्ही नुसत्या हसलात.” मग जिना चढायचे, एकेका पायरीला हात लावत. तिला वाटलं, मोजमापवाल्यांपैकीच कुणीतरी.

सबंध थंडीभर मी मोहालीत होते. हजेरीचं मशीन आणि आख्खं ऑफिस साक्षीला आहे. पासपोर्ट कोरा. पण चपला? देवाधर्माची जागा म्हटल्यावर मी काढल्याच असत्या.

नवरा म्हणतो, गोऱ्यांना आपण सगळे सारखेच दिसतो. मग समोर उभी असलेली श्वेता तिला मी का नाही वाटली?

त्या कॉलवर मी मार्गारेटला एकच विचारलं. स्कॅन काचेपाशी संपतो, पलीकडे नुसता काळोख. त्या वळणावरच्या खिडकीतून काय दिसतं, हे मला अजून ठाऊक नव्हतं. तेच विचारलं.

ती गोंधळली. “म्हणजे? तुम्हीच तर तासन्‌तास बघत बसायचात.”

श्वेताने परत आल्यावर त्या खिडकीतून काढलेले फोटो पुढे केले. मी बघितले नाहीत.

काय होतं ते, मला आजही सांगता येत नाही. भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटली. श्वेतावरचा राग तर त्याच संध्याकाळी गेला. आता जळते ती त्या दुसरीवर. जिना चढली, कट्ट्यावर बसली, डोळे भरून सगळं बघितलं... आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.